यूएसबी टोकनवरून रिमोट साइनिंग करणारी गो लायब्ररी ओपन-सोर्स करतेय, आधी चिरफाड करून हवी

मुठाकाठ

नमस्कार मंडळी.

आमची पुण्यातली छोटी कंपनी आहे, विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, दूध संघ, एखाददुसरा साखर कारखाना. इन्स्टॉलरवर सही नसली की विंडोज निळी पाटी दाखवतं आणि तालुक्याच्या गावाहून फोन येतो, "मॅडम, तुमच्या सॉफ्टवेअरात व्हायरस आहे म्हणतंय." म्हणून प्रत्येक रिलीज साइन करावीच लागते, म्हणजे तिच्यावर कंपनीची डिजिटल सही टाकावी लागते.

पूर्वी साधं सर्टिफिकेट आणि सहीची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) एका पीएफएक्स फाइलमध्ये यायचं, ती बिल्ड सर्व्हरवर टाकली की झालं. १ जून २०२३ पासून सीए/ब्राउझर फोरमने (सर्टिफिकेट देणाऱ्या आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना) ती सोय बंद केली. आता कोड-साइनिंगची प्रायव्हेट की हार्डवेअरमध्येच राहायला हवी, आणि ते हार्डवेअर एफआयपीएस १४०-२ लेव्हल २ किंवा कॉमन क्रायटेरिया ईएएल ४+ दर्जाचं. (जास्त कसून तपासून देतात त्या ईव्ही सर्टिफिकेटला हे बंधन आधीपासूनच होतं.) नियमाबद्दल तक्रार नाही. पण आमचं बिल्ड चालतं क्लाउडवर, आणि टोकन, म्हणजे की पोटात ठेवणारी यूएसबी काडी, आहे कोथरूडच्या ऑफिसात, एका छोट्या लिनक्स पीसीच्या पाठीत खोचलेलं. क्लाउड एचएसएम (की सांभाळणारं दुसऱ्याचं हार्डवेअर) भाड्याने घ्यायचा विषय काढला, तर दरमहा डॉलरमध्ये येणाऱ्या बिलाचं ऐकून मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

मग मी दोन तुकडे लिहिले. एक एजंट, जो टोकनवाल्या पीसीवर चालतो आणि पीकेसीएस#११ या ठरलेल्या इंटरफेसमधून टोकनच्या ड्रायव्हरशी बोलतो. दुसरी क्लायंट लायब्ररी, जी बिल्ड मशीनवर असते आणि गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा सही मागायचा नेहमीचा क्रिप्टो.सायनर इंटरफेस देते. ज्या कोडला सायनर हवा त्याला तो मिळतो; की कोथरूडला आहे की शेजारच्या फोल्डरात, हे त्याला कळायची गरज नाही. मध्ये जीआरपीसी (दुसऱ्या मशीनवरची कॉल बोलावायची पद्धत), आणि दोन्ही बाजूंनी सर्टिफिकेट तपासणारं टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी. नेटवर्कवरून फक्त हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुराचा छोटा ठसा, जातो. इन्स्टॉलर कितीही जड असो, जातात ते ३२ बाइट्स, त्यामुळे ऑफिसच्या ब्रॉडबँडलाही झेपतं.

मालक ओपन-सोर्स करायला तयार झालेत. "आपल्याला याचे पैसे कोणी देणार नाही, मग लोकांनी बघितलं तर काय बिघडलं," इति मालक. मला मात्र लोकांनी बघायलाच हवंय, कारण असल्या कोडवर एकाच माणसाची नजर फिरलेली असणं मला पटत नाही.

तर विचारायचं ते असं. आत्ता एजंटची कॉल सरळ आहे: कीचं नाव द्या, मेकॅनिझम (सहीची पद्धत) द्या, बाइट्स द्या, सही घ्या. कोणालाही कशासाठीही वापरता यावी म्हणून मुद्दाम मोकळी ठेवली. हे ठीक आहे का? लायसन्स एमआयटी की अपाची? चाचण्या सीआयवर (आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) सॉफ्टएचएसएम, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं नकली टोकन, घेऊन चालतात, खऱ्या टोकनवर हाताने, एवढं पुरेल? आणि आवृत्तीचा पहिलाच आकडा १.०.० टाकावा की ०.१? आमच्याकडे तर ही रोज चालतेय.

चिंचवडी_चिप

जेसाइन बघितलंत का? पीकेसीएस#११ पासून अॅझ्युर की व्हॉल्ट, एडब्ल्यूएस केएमएस, गुगल क्लाउड केएमएस या क्लाउडमधल्या की-सेवांपर्यंत सगळ्यांशी बोलतं, एमएसआय आणि ईएक्सई दोन्ही साइन करतं. त्याच्याशिवाय ओएसएसएलसाइनकोड आहेच. आणखी एक कशाला?

मुठाकाठ

बघितलंय, चांगलंच आहे. पण ते फाइल साइन करणारं हत्यार आहे आणि टोकन त्याच मशीनला लागलेलं असावं अशी त्याची अपेक्षा असते, नाहीतर क्लाउड केएमएस हवं. आमची अडचण मधल्या तारेची आहे. शिवाय इन्स्टॉलरखेरीज अपडेटचा मॅनिफेस्टही (फाइलींची यादी) साइन होतो, आणि ते काम आमच्या स्वतःच्या गो प्रोग्रॅममध्ये आहे. तिथे बाहेरून जावा बोलावणं मला नको होतं.

जुनाट_स्मार्टकार्ड

ताई, स्मार्टकार्ड आणि एचएसएमच्या धंद्यात माझे केस पांढरे झालेत, त्यामुळे थोडं लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

एमआयटी की अपाची यावर इथले लोक दिवाळीपर्यंत भांडतील. त्याआधी ते "बाइट्स द्या" बघू, कारण मला खरं खुपलं ते तेच. तुम्ही मोकळेपणा म्हणून जे ठेवलंय त्याने तुमचा एजंट कोरे चेक सही करून देणारा मॅनेजर झालाय.

मेकॅनिझम क्लायंटने निवडायचं म्हणजे काय होतं बघा. सीकेएम_आरएसए_पीकेसीएस हे मेकॅनिझम स्वतः हॅश करत नाही. एसएचए-२५६ या हॅशच्या ३२ बाइट्सच्या आधी डायजेस्टइन्फोचे (हा कोणता हॅश ते सांगणारे) १९ बाइट्स आपण जोडून द्यायचे असतात. टोकन फक्त पॅडिंग (ठरलेली भर) लावतं आणि गणित करतं. समोरच्याने जे दिलं त्यावर. म्हणजे आपण कशावर सही केली हे तुमच्या एजंटला माहीतच नाही. त्याच्या पुढची पायरी सीकेएम_आरएसए_एक्स_५०९, म्हणजे पॅडिंगसुद्धा नसलेलं कच्चं आरएसए. कच्च्या आरएसएत सही करणं आणि डिक्रिप्ट करणं हे एकच गणित आहे. तीच की कोणी दुसरीकडे एन्क्रिप्शनलाही वापरत असेल (वापरतात, मी डोळ्यांनी बघितलंय), तर तुमची साइनिंग सेवा त्याच्या नकळत डिक्रिप्शन सेवाही झाली. ब्लाइखेनबाखरने १९९८ मध्ये दाखवून दिलं होतं की सर्व्हर फक्त "पॅडिंग बरोबर" किंवा "पॅडिंग चूक" एवढंच सांगत असला, तरी त्याला पुन्हापुन्हा विचारून गुप्त मजकूर काढता येतो. तुमचा एजंट तर पूर्ण उत्तरच देतो.

म्हणून कॉल अरुंद करा. हॅशचं नाव ठरलेल्या यादीतून, आणि हॅश. एजंटने लांबी तपासायची, एसएचए-२५६ म्हटलं आणि ३२ बाइट्स नसले तर तिथेच परत पाठवायचं. डायजेस्टइन्फो एजंटने स्वतः जोडायचा. कोणत्या कीला कोणतं मेकॅनिझम, हे एजंटच्या कॉन्फिगमध्ये एकदा लिहायचं. क्लायंटला त्यात मत नाही. दुसऱ्यांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवरून पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने २०१४ मध्ये कीलेस एसएसएल आणलं, त्यात हीच परिस्थिती होती: बँकेची की बँकेकडे, टीएलएस मात्र क्लाउडफ्लेअरच्या सर्व्हरवर. त्यांचा गोकीलेस हा सर्व्हर उघड्यावर आहे आणि तुमच्याच भाषेत आहे. तिथे आरएसए आणि एसएचए-२५६ ला एक ऑपकोड (आज्ञेचा क्रमांक), ईसीडीएसए ही सहीची दुसरी पद्धत आणि एसएचए-२५६ ला दुसरा, डिक्रिप्शनला आणखी वेगळा. सहीसाठी "कोणतंही मेकॅनिझम चालवा" असा ऑपकोड नाही. तो कोड एकदा निवांत वाचा.

एडी२५५१९ या सहीच्या पद्धतीसाठी वेगळी कॉल ठेवा. त्याला हॅश चालत नाही, अख्खा मजकूर लागतो. गोमध्ये सायनरला हॅशफंक शून्य दिलं की "हा मजकूर आहे" असा अर्थ होतो, आणि हे विसरून हॅशवर हॅश करणारे पुष्कळ भेटतील. गो १.२५ मध्ये मेसेजसायनर नावाचा वेगळा इंटरफेस आलाय, तोही द्या.

ईसीडीएसएमध्ये आणखी एक खड्डा आहे. पीकेसीएस#११ सहीचे दोन आकडे सलग देतं, पी-२५६ प्रकारच्या कीला बरोबर ६४ बाइट्स. गोला हवी असते एएसएन.१ डीईआर नावाची बांधणी. एडब्ल्यूएस केएमएस डीईआरच देतं. उद्या कोणी तुमच्या एजंटमागे टोकनऐवजी केएमएस जोडलं की क्लायंटला दोन्ही रूपं ओळखत बसावी लागतील. तारेवर एकच रूप जाऊ द्या, बदल एजंटमध्येच उरका.

आणि सही परत पाठवण्याआधी एजंटने ती पब्लिक कीने तपासून घ्यावी. काही मायक्रोसेकंदांचं काम. ड्रायव्हरचे घोटाळे त्यात पकडले जातातच, पण त्याहून मोठं कारण आहे: सीआरटी (हिशेब दोन तुकड्यांत करायची जलद युक्ती) वापरणाऱ्या आरएसएत हिशेब चुकून एकच बिघडलेली सही बाहेर गेली, तर तिच्यावरून मोड्युलसचे अवयव पाडता येतात, म्हणजे गुप्त कीच हाती लागते. बोने, डीमिलो आणि लिप्टन यांनी हे १९९७ मध्ये मांडलं. टोकन बनवणारे आत तपासतात म्हणे. आपण बाहेरही तपासावं.

आता पिन, कारण इथे लायब्ररी लोकांचं खरं नुकसान करू शकते. टोकन ठरावीक चुकीच्या पिननंतर लॉक होतं. तुमच्या एजंटला कोणीतरी सिस्टमडीखाली (लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालते ठेवणारी व्यवस्था) रीस्टार्ट=ऑलवेज लावून चालवणार, हे गृहीत धरा. कॉन्फिगमध्ये पिन चुकला, एजंट पडला, सिस्टमडीने उठवला, पुन्हा तोच पिन, पुन्हा पडला. चहा संपायच्या आत टोकन लॉक, आणि मग सर्टिफिकेट देणाऱ्याकडे खेटे. म्हणून लॉगिनला आपोआप रीट्राय कधीही नाही. पिन चुकीचा असं उत्तर आलं की एजंटने जिवंत राहून "मी सही करणार नाही" म्हणत बसायचं, मरायचं नाही. लॉगिनच्या आधी टोकनचे फ्लॅग वाचा. सीकेएफ_युजर_पिन_फायनल_ट्राय (पिनचा शेवटचा प्रयत्न उरलाय) लागलेला दिसला तर हात लावू नका, माणसाला बोलवा.

सॉफ्टएचएसएम पुरेल का म्हणालात. गणिताला पुरेल. पण खऱ्या ड्रायव्हरच्या खोड्या त्याच्यात नाहीत. एकाच सेशनवर दोन थ्रेडनी एकदम सही मागितली, चालू असताना टोकन उपटलं, परत लावल्यावर स्लॉटचा (टोकन लागलेल्या जागेचा) नंबर बदलला, हे सगळं खऱ्या टोकनवरच कळतं. स्लॉट नंबर की ओळखायला वापरत असाल तर आजच काढा. आत पब्लिक कीचा ठसा, बाहेर टोपणनाव. मार्च २०२६ पासून कोड-साइनिंग सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४६० दिवसांवर आली आहे, म्हणजे सर्टिफिकेट आणि बहुधा कीही वरचेवर बदलणार. टोपणनाव तेच राहिलं तर बिल्डच्या स्क्रिप्टांना कळणारही नाही.

बाकी "फक्त हॅश जातो" याचा तुम्हाला अभिमान आहे, तो थोडा आवरा. ३२ बाइट्सकडे बघून एजंटला काय कळणार? २०२० च्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात कोणी की चोरली नव्हती. बिल्ड सिस्टममध्ये घुसून सोर्स बदलला, आणि पुढची सही कंपनीच्या नेहमीच्या वाटेने, कंपनीच्याच सर्टिफिकेटने झाली. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्यावरच होत होती. २०२५ च्या फेब्रुवारीत बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजचे दीड अब्ज डॉलर जवळजवळ त्याच रीतीने गेले. हार्डवेअर तिथेही होतं.

तुमचा मॅनिफेस्ट छोटा आहे ना? मग तो अख्खाच एजंटकडे पाठवा. एजंटने तो वाचावा, आवृत्तीचा आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे का, फाइलींची नावं ओळखीची आहेत का ते बघावं, आणि हॅश स्वतः काढावा. इन्स्टॉलरसाठी हॅशवर भागवावं लागेल, तिथे निदान कोणत्या सर्टिफिकेटवाल्या क्लायंटने, कधी, कोणत्या हॅशवर सही नेली याची नोंद ठेवा, आणि ती नोंद बिल्ड मशीनला पुसता येऊ नये. क्लायंट जोडून देईल ते फाइलचं नाव आणि कमिट नोंदीत घ्या, पण तो त्याचा दावा आहे, पुरावा नाही, हे रीडमीत लिहा.

बर्लिन_बटाटावडा

काकांनी सगळं सांगितलंच. मी रिमोट सायनर दुसऱ्या गावात वापरतो, इथेरियम ब्लॉकचेनचे व्हॅलिडेटर (पैसे तारण ठेवून ब्लॉकवर सह्या करणारे) चालवतो, वेब३सायनर हा सायनर लावून. तिथून एक भर.

रीट्रायचा निर्णय लायब्ररीने परस्पर घेऊ नये. तुमच्या कामात नेटवर्क तुटलं, पुन्हा सही मागितली, तर बिघडत काही नाही, एक सही वाया. आमच्याकडे एकाच स्लॉटच्या (इथे स्लॉट म्हणजे ब्लॉकची ठरलेली वेळ) दोन वेगळ्या ब्लॉकवर सही झाली तर ठेवलेल्या पैशातून कापून घेतात आणि व्हॅलिडेटर बाहेर. म्हणून वेब३सायनर प्रत्येक सहीच्या आधी डेटाबेसमध्ये बघतो, याआधी काय साइन केलंय. आणि त्यातही एखादा हुशार माणूस "हाय अव्हेलेबिलिटी"साठी दोन सायनर दोन वेगवेगळ्या डेटाबेसवर उभे करतोच. तुमची लायब्ररी मोकळी सोडलीत की असं कोणीतरी ती घेऊन आमच्या गावात येणार. रीडमीत पहिल्या पानावर लिहा की यात दुबार सहीपासून संरक्षण नाही, व्हॅलिडेटरला वापरू नये.

क्रिप्टो.सायनरच्या साइन मेथडला कॉन्टेक्स्ट (काम मध्येच थांबवायची सोय) नाही, हे एव्हाना टोचलं असेल. कोथरूडचं इंटरनेट गेलं की बिल्ड लटकून बसणार. कॉन्टेक्स्ट घेणारी वेगळी मेथड खरी ठेवा, आणि क्रिप्टो.सायनर तिच्यावरचं पातळ आवरण, ज्याला बनवतानाच टाइमआउट द्यावा लागतो. डीफॉल्ट टाइमआउट ठेवू नका, लोक तो कधी बघत नाहीत.

आकडा ०.१ च. १.०.० नंतर एपीआय मोडायचा झाला तर गोमध्ये इंपोर्टच्या वाटेलाच /व्ही२ जोडावं लागतं, आणि काकांचं ऐकलंत तर तुम्ही मोडणारच आहात.

सगळ्यात महत्त्वाचं, रिपो (कोडचं भांडार) उघडी करण्याआधी इतिहास तपासा. गिटलीक्ससारखं गुपितं शोधणारं काहीतरी पूर्ण इतिहासावर फिरवा. टोकनचा पिन, ऑफिसचा आयपी, चाचणीच्या सर्टिफिकेटची की, काहीतरी असतंच. एकदा टॅग टाकून कोणी ती आवृत्ती ओढली की गोचा मॉड्युल प्रॉक्सी ती साठवून ठेवतो. गिटहबवरून टॅग उडवलात तरी तिथे राहते. गो १.१६ पासून रिट्रॅक्ट आहे, पण त्याने फक्त "ही वापरू नका" असा शिक्का बसतो, माल जागेवरच.

कलमबहाद्दर

कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून.

मालकांनी चहा पिता पिता "करा" म्हटलं, हे पुरेसं नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७(सी): नोकरीच्या कामात लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. म्हणजे हा कोड तुमचा नाही, कंपनीचा आहे, आणि लायसन्स देण्याचा अधिकारही कंपनीचाच. एक पानी ठराव करून घ्या: कोणती रिपो, कोणतं लायसन्स, पुढे बाहेरच्या लोकांचे बदल स्वीकारायचा अधिकार कोणाला. कॉपीराइटच्या ओळीत कंपनीचं नाव. उद्या मालक बदलले किंवा तुम्ही नोकरी बदललीत, तर हाच कागद कामी येईल.

माझं मत अपाची २.० ला. पेटंटचा परवाना त्यात स्पष्ट शब्दांत आहे, एमआयटी त्याबद्दल काही बोलतच नाही. साइनिंगच्या क्षेत्रात पेटंटवाले कमी नाहीत.

टोकनवाल्या कंपनीचा ड्रायव्हर, ती .एसओ किंवा .डीएलएल फाइल, सोयीसाठी रिपोत टाकलेली असेल तर काढा. ती वाटायची परवानगी तुम्हाला बहुधा नाही. वाट कॉन्फिगमधून घ्या.

वाई_ऑडिट

तांत्रिक काही कळलं नाही, पण विषय आमच्या जिव्हाळ्याचा म्हणून विचारतो. आमच्या ऑफिसात क्लायंटच्या डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकनांचा एक डबा आहे. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, वहीत पिन. आयकर, एमसीए, जीएसटी, टेंडर, सगळं त्यावरच. ही लायब्ररी घेऊन सगळी टोकनं एका हबला लावली, तर आमची पोरं घरून सह्या करू शकतील का? मार्चएंडला फार उपयोग होईल.

कलमबहाद्दर

तांत्रिकदृष्ट्या होईल. करू नका. आणि तो डबा असल्याचं असं चारचौघांत लिहूही नका.

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४२: आपली प्रायव्हेट की आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी सर्टिफिकेटधारकाने घ्यायची. की उघड झाली तर सर्टिफिकेट देणाऱ्याला कळवायचंही त्यानेच. आज तुमच्या डब्यामुळे तो धारक अडचणीत आहे. तुम्ही तो डबा इंटरनेटला जोडलात की सगळे एकदम येतील.

दुरून सही हवी तर सरकारमान्य ईसाइन आहे. पुण्याच्या सी-डॅकचं ई-हस्ताक्षर त्यातलंच. तिथेही दस्तऐवज जात नाही, त्याचा हॅश जातो. पण सही करणारा आधारच्या ओटीपीने किंवा बोटाच्या ठशाने स्वतः ओळख पटवतो, त्या एका सहीपुरती की तयार होते आणि वापरून नष्ट होते. डब्यात ठेवायला काही उरतच नाही. अर्थात प्रत्येक पोर्टल ते स्वीकारत नाही, हे मलाही माहीत आहे.

वाई_ऑडिट

समजलं. डबा कपाटात, कपाटाला कुलूप.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. वाईच्या साहेबांचे विशेष, कारण त्यांच्यामुळे कळलं की रीडमीत "हे कशासाठी नाही" हा भाग "हे कशासाठी आहे" याच्या वर यायला हवा. व्हॅलिडेटर आणि दुसऱ्याची डीएससी, दोन्ही तिथे लिहिलंय.

एजंटमधून मेकॅनिझमचा पर्याय काढतेय. मान्य करायला जरा जड गेलं, कारण मोकळेपणा हीच त्याची शान वाटत होती. पण काकांचा कच्च्या आरएसएचा मुद्दा वाचल्यावर वाद घालायला जागा उरली नाही. हॅशची यादी एसएचए-२५६, ३८४, ५१२ एवढीच. एसएचए-१ मागणारा येईल, त्याला नाही म्हणेन. मॅनिफेस्ट अख्खा पाठवायची वेगळी कॉल करतेय, पण तो वाचून तपासण्याचे नियम लायब्ररीत घालणार नाही. तिथे एक हुक ठेवते, ज्याचे नियम त्याने लिहावेत. आमचा मॅनिफेस्ट आमचा, दुसऱ्याचा वेगळा असणार.

इतिहासाबद्दल बटाटावड्याशी अर्धी सहमत. नवी रिपो, एकच पहिलं कमिट, असं सोपं झालं असतं. पण कोणत्या टोकनसाठी कोणती पळवाट का काढली, हे कमिटच्या मजकुरातच आहे, आणि ते गेलं तर पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून भोगावं लागेल. म्हणून इतिहास धुऊन ठेवतेय, टाकून देत नाहीये. टोकनचा पिन तसाही बदलायचा आहे.

ठरावाचा मसुदा मालकांना दिला. त्यांनी "पेटंट म्हणजे आपल्याला मिळणार का?" असं विचारलं. समजावते आहे.

एक प्रश्न राहिलाच. लाइट गेली, पीसी पुन्हा उठला, तर पिन कोण टाकणार? आत्ता मी घरून व्हीपीएनने जाऊन टाकते. लायब्ररी वापरणाऱ्याला हे सांगणं बरं दिसत नाही.

जुनाट_स्मार्टकार्ड

उलट तेच सांगा. रिलीजच्या कीला माणसाने पिन टाकायचा, यात लाजण्यासारखं काही नाही. रात्रीच्या बिल्डना खरी सही लागते कशाला? त्यांना स्वतः बनवलेलं चाचणीचं सर्टिफिकेट द्या, ऑफिसच्या मशीनवर ते विश्वासू म्हणून घाला, टोकनला हात लागायला नको. मग खरी सही महिन्यातून मोजक्या वेळा, दिवसाउजेडी, कोणीतरी जागं असताना.

ज्याला अगदीच आपोआप हवं त्याच्यासाठी सिस्टमडी-क्रेड्स आहे, आवृत्ती २५० पासून. पिन त्या मशीनच्या टीपीएम या सुरक्षा चिपला बांधून एन्क्रिप्ट होतो, नुसती डिस्क चोरून नेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अख्खा पीसी उचलून नेला तर टोकनही जाणार, ते वेगळं. डॉक्युमेंटेशनमध्ये हा मार्ग द्या, पण दुसऱ्या क्रमांकावर. साध्या फाइलमध्ये पिन वाचायची सोय देऊच नका, दिली की सगळे तीच वापरतील.

बर्लिन_बटाटावडा

सुरक्षेची त्रुटी कळवायचा खाजगी पत्ता पहिल्या दिवसापासून असू द्या, नाहीतर लोक उघड इश्यू टाकतात. आणि मदतीला कोणी फारच उतावीळ होऊन लगेच मेंटेनरचे अधिकार मागू लागला, तर थांबा. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या एकट्या, दमलेल्या मेंटेनरभोवती दीर्घकाळ असंच कडं घातलं गेलं, आणि २०२४ साली आवृत्ती ५.६.० मध्ये मागचं दार निघालं.

टॅग टाकण्याआधी एक बघाल का? सीजीओ (गोमधून सी कोड वापरायची सोय) बंद करून क्लायंट बिल्ड होतो का? पीकेसीएस#११ चं आवरण सीजीओ मागतं. क्लायंट आणि एजंट एकाच पॅकेजात असतील, तर टोकन जन्मात न बघितलेल्या बिल्ड मशीनवरही सी कंपायलर लागेल.

मुठाकाठ

नाही होत, आत्ता करून बघितलं. एररचे टाइप एजंटच्या पॅकेजातून येताहेत, त्यांच्यामागून सगळं ओढलं जातंय. दोन मॉड्युल वेगळी करते, मधे प्रोटोकॉलचं तिसरं, ज्यात नुसत्या व्याख्या. ते झाल्यावर ०.१.० चा टॅग टाकते आणि रिपोची लिंक इथेच देते. काका, ईटोकन पडून असतील ना तुमच्याकडे जुनी? वेगवेगळ्या ड्रायव्हरवर चालवून बघायला हवंय.

जुनाट_स्मार्टकार्ड

खोकंभर आहेत. काहींचे पिन मलाच आठवत नाहीत, ती लॉक व्हायची चाचणी करायला उत्तम. लिंक येऊ द्या.